आत्ता नाही, नंतर या

खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका गावात कालिंदी नावाची एक बाई राहत होती. शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजात तिची उमर गेली होती. निवृत्त होऊन ती गावी परतली तेव्हा तिच्याबरोबर दोन गोष्टी आल्या. एक लोखंडी कपाट आणि दुसरी नीटनेटकेपणाची सवय. कपाट घरात मावलं. सवय मावली नाही, ती गावभर पसरली.

गाव खलाशांचं होतं. घरटी एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या जहाजावर असायचा. ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा गावात फोन मोजके होते आणि खिशात तर कुणाच्याच नव्हते. म्हणून गावाने एक सोय केली होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक संगणक ठेवला होता. त्याला सगळे सर्व्हर म्हणत. त्यात समुद्रावरच्या दोनशे चाळीस माणसांच्या ई-मेल पत्त्यांची यादी होती. दर शनिवारी ज्याला जे कळवायचं असेल ते त्याने वाचनालयात येऊन दोन ओळींत सांगायचं. कुणाला मुलगी झाली, कुणाची गाय व्याली, खाडीतली वाळू यंदा कुठे सरकली. या सगळ्याचं मिळून एक गावपत्र व्हायचं. ते एकदा धाडलं की सर्व्हर त्याच्या दोनशे चाळीस प्रती करून ज्याच्या त्याच्या दारात नेऊन टाकायचा. खलाशांची उत्तरं यायची, ती रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर मोठ्याने वाचली जायची.

याच गावात शेवंतीकाकी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा जनार्दन, म्हणजे जनू, दूरच्या मालवाहू जहाजावर होता. त्या जहाजावर गावचं दुसरं कुणी नव्हतं. काकीच्या परसात पायऱ्यांची विहीर होती. पाणी खाली जाईल तशा पायऱ्या उघड्या पडत. त्या पायऱ्यांवरच जनू लहानपणी आकडे शिकला होता. त्यामुळे काकीचा निरोप दर शनिवारी ठरलेला असायचा. "झिला, आज सात पायऱ्यो उघड्यो." पुढच्या वेळी आठ. जनूचं उत्तरही ठरलेलंच. "आये, पायऱ्यो मोजलंय." ओट्यावर हे वाचलं की लोक हसायचे. काकीही हसायची, पण पदराने डोळे पुसत.

आता गावाचा एक जुना रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अडलं आहे. समुद्रावर असलेल्या माणसाला घरातल्या मृत्यूची बातमी कळवायची नाही, असा तो रिवाज. भर पाण्यातून माणूस येऊ शकत नाही, खांदा देऊ शकत नाही, मग त्याला एकट्याला कशाला जाळायचं? म्हणून त्याचं गावपत्र तेवढ्यापुरतं थांबवायचं. जहाज बंदराला लागलं की गावातला जाणता माणूस त्याला सांगायचा. रिवाजाला दुसरी बाजूही होती. पत्र थांबलं तर खलाशाने काही विचारायचं नाही. विचारलं तर सांगणाऱ्यावर खोटं बोलायची पाळी येते. तो फक्त समजून घ्यायचा.

आधीचे ग्रंथपाल गेल्यावर वाचनालयाबरोबर सर्व्हरही कालिंदीकडे आला, तेव्हा त्याची तब्येत बरी नव्हती. यादीतले काही पत्ते केव्हाच मेले होते. त्यांच्याकडे गेलेली पत्रं दर आठवड्याला परत यायची. जो सर्व्हर सारखा मेलेल्या पत्त्यांवर पत्रं धाडतो, त्याला बाहेरचे मोठे सर्व्हर लबाड समजतात. मग त्याची चांगली पत्रंसुद्धा ते कचऱ्यात टाकतात. गावपत्राचं तसंच होऊ लागलं होतं. तेव्हा यादी झाडायला हवी होती हे खरं. कालिंदीने पदर खोचला.

दारातून परत आलेल्या पत्राबरोबर एक ओळ येते. ती ओळ दोन प्रकारची असते. पाचाच्या आकड्याने सुरू झाली तर तिचा अर्थ, "इथे असं कुणी राहत नाही." चाराच्या आकड्याने सुरू झाली तर अर्थ वेगळा, "आत्ता नाही, नंतर या." आधीचे ग्रंथपाल सर्व्हरला सांगून गेले होते की चाराची ओळ आली तर अर्ध्या तासाने पुन्हा जायचं, असं पाच दिवस करायचं.

"पाच दिवस एकाच दारात उभं राहायला आपण काय भिक्षेकरी आहोत?" कालिंदी म्हणाली, आणि तिने पाच दिवसांचे चार तास केले. मग नवा नियम घातला. लागोपाठ तीन शनिवार पत्र पोचलं नाही, तर नाव यादीतून आपोआप गळेल. ओळ चाराची की पाचाची, हे बघायची तिला गरज वाटली नाही. न पोचलेलं ते न पोचलेलं, असा तिचा सरळ हिशेब.

नियम लागू झाला आणि थोड्याच दिवसांत परत येणारी पत्रं थांबली. कालिंदीने वाचनालयाच्या भिंतीवर फळा लावला. त्यावर दर शनिवारी ती लिहायची, "परत आलेली पत्रं: शून्य." लोक फळा बघून मान डोलवायचे. पूज्य इतकं सुंदर असू शकतं हे तिलाही तेव्हाच कळलं. ती ते अगदी गोल काढायची.

पण सुक्याबरोबर ओलंही जळतं.

माघात जनूच्या जहाजाचा अँटेना वादळात मोडला. पाच आठवडे जहाजाचा जगाशी संबंध तुटला. त्या जहाजाची पत्रं सांभाळणारं यंत्र येणाऱ्या प्रत्येक पत्राला नम्रपणे सांगत राहिलं, "आत्ता नाही, नंतर या." गावाचा सर्व्हर चार तास थांबला आणि परतला. दुसऱ्या शनिवारी तसंच झालं. तिसऱ्या शनिवारीही. मग नियमाप्रमाणे जनूचं नाव गळलं. नाव काढल्याचं कळवणारं पत्रही सर्व्हरने रीतसर धाडलं, आणि तेही त्याच बंद दारावरून परत आलं. आधीचे दोन शनिवार फळ्यावर शून्य जाऊन एक आला होता, त्या दिवशी पुन्हा शून्य झालं, कारण सर्व्हरने स्वतः धाडलेली पत्रं कालिंदी मोजत नसे, आणि गळलेलं नाव तर मोजायला उरतच नाही.

अँटेना दुरुस्त झाला. जहाजावरच्या सगळ्यांची साचलेली पत्रं धो धो आली. जनूला एकही आलं नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि जनू त्या गावचा मुलगा होता. पत्र थांबण्याचा अर्थ त्याला कुणी शिकवायला नको होता. त्याने कुणाला काही विचारलं नाही. त्याने डोकं भादरलं, तेरा दिवस अळणी जेवला आणि आईच्या नावाने पाण्यात ओंजळ सोडली.

इकडे आई परसातल्या पायऱ्या मोजत होती.

रविवारच्या वाचनात जनूचं उत्तर येईनासं झालं. एक रविवार झाला, चार झाले, सात झाले. लोक म्हणायचे, पोरगा कामात असेल. नंतर काही म्हणेनासे झाले, ते जास्त वाईट होतं. शेवंतीकाकी शनिवारी येऊन आपली ओळ मात्र सांगून जायची. नऊ. नऊ. दहा. एकदा तिने बिचकत विचारलं, "बाय, मी सांगतंय ता जाता मा थंय?"

कालिंदीने फळ्याकडे बोट केलं. "काकी, शून्य आहे बघा. आपलं एकही पत्र परत येत नाही."

काकीने त्या गोल शून्याकडे बघितलं. तिला ते कळलं नाही, पण शिकलेल्या बाईवर तिने विश्वास ठेवला. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इथे.

यादीत नसलेल्या माणसाने गावपत्राच्या पत्त्यावर काही लिहिलं तर सर्व्हर ते अडवून ठेवी आणि कालिंदीला विचारी, "हा आपला नाही. सोडू का?" अशी अडलेली पत्रं बहुतेक जाहिरातींची असत. दर शनिवारी सकाळी कालिंदी ती सगळी एका झटक्यात पुसून टाकायची. चैत्रातल्या एका शनिवारी ती तशीच पुसायला बसली होती. बोट बटणावर टेकलं होतं. तेवढ्यात एका ओळीत तिला विहीर हा शब्द दिसला.

तिने पत्र उघडलं. लिहिलं होतं:

"गावास नमस्कार. तुम्ही रिवाज पाळलात, उपकार आहेत. रिवाजाप्रमाणे मी काही विचारत नाही. मी इथे आईचे दिवस केले. बुधवारी दुपारी आमचं जहाज बंदराला लागेल. तिथे दुसऱ्या जहाजाचे लोक येणार आहेत, त्यांच्याकडे दोन वर्षांच्या नोकरीची सही करतो. आता गावी येऊन कुणाकडे येऊ? एवढंच सांगणं आहे, की विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरू देऊ नका. ती खाली उतरायची तेव्हा मला नेहमी भीती वाटायची. जनार्दन."

कालिंदीने ते दोनदा वाचलं. खिडकीतून तिला समोरची वाट दिसत होती, आणि त्या वाटेने शेवंतीकाकी आपली ओळ सांगायला येत होती.

तिने सर्व्हरची जुनी नोंद काढली. जनूच्या नावापुढे तीन ओळी होत्या. तिन्ही चाराच्या. आत्ता नाही, नंतर या. आत्ता नाही, नंतर या. आत्ता नाही, नंतर या. तो माणूस तीनदा सांगत होता की मी आहे, आणि तिने त्याला तीनदा नाही असं वाचलं होतं.

आता खरी परीक्षा कालिंदीची होती. नाव गुपचूप परत घालायला एक मिनिट पुरलं असतं. सर्व्हर बिघडला होता असं सांगितलं असतं तर गावात त्यातलं कळणारं दुसरं कोण होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती, फळाही राहिला असता. पण नुसतं नाव घालून आजचं गावपत्र गेलं, तरी त्यातल्या नेहमीच्या ओळीवर जनूचा विश्वास कसा बसणार होता? गावाने काहीही कळवलं तरी तो म्हणेल, मला सावरायला गोड बोलतायत. त्याने जिचे दिवस केले होते, फक्त तिलाच सांगता येतील असे शब्द त्याच्यापर्यंत पोचायला हवे होते. आणि तिला खरं सांगितल्याशिवाय ते शब्द मागता येणार नव्हते.

काकी दारात आली. "अकरा पायऱ्यो, बाय," ती म्हणाली.

कालिंदीने तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. नियम कुणी केला, का केला, ओळी कशा वाचल्या नाहीत. पोराने तिचे दिवस केले, हेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे, काकी. सर्व्हरची नाही."

काकीने पडद्यावरच्या त्या तीन ओळींकडे बघितलं. मग म्हणाली, "माझो घोव, जनूचो बापूस, पण दर्यावर होतो. तो ‘आत्ता जमाचा नाय’ म्हणायचो. ‘येवचंय नाय’ असा कधी म्हणूक नाय. ह्या दोनांत फरक आसता गो. बायलमाणसाक तो कळता. तुझ्या यंत्राक कळना नाय काय?"

"यंत्राला कळतं, काकी," कालिंदी म्हणाली. "मीच त्याला विसरायला लावलं."

काकीने तिच्या हातावर हात ठेवला. "मगे आता लिही."

आणि तिने सांगितलं तसं कालिंदीने लिहिलं. "झिला, मी जिती आसंय. अकरा पायऱ्यो उघड्यो. अकरावी हलता. ती बापाशीन नाय, तूच बसवलेलंस." हे त्या दोघांखेरीज गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

कालिंदीने आधी जनूचं नाव यादीत घातलं. मग सर्व्हरला तिने जुनीच शिकवण दिली. दार बंद असेल तर अर्ध्या तासाने परत जा, पाच दिवस जात राहा. नाव गाळायचं ते फक्त पाचाची ओळ आली तर. चाराच्या ओळीला गाळायचं नाही. एवढं करून तिने पत्र सोडलं.

उत्तर लगेच आलं. आत्ता नाही, नंतर या.

जहाज भर समुद्रात होतं. अँटेना नीट होता, पण त्याचं दार दिवसातून थोडाच वेळ उघडायचं, तेही वेळ न सांगता. कालिंदीने सोमवारी जहाज कंपनीच्या कचेरीतही फोन लावून पाहिला. तिकडच्या माणसाने निरोप लिहून घेतला, पण कुठल्या जहाजावरचा कोण जनार्दन हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. राहता राहिला सर्व्हर. तो दर अर्ध्या तासाने जायचा आणि परत यायचा.

शेवंतीकाकी सकाळीच वाचनालयात येऊन बसू लागली. बरोबर चिंचेची टोपली आणायची. चिंचा फोडत, चिंचोके काढत ती बसून राहायची. पडद्यावर ओळ उमटली की विचारायची, "काय म्हणता?"

"आत्ता नाही म्हणतंय."

"बरा मगे," काकी म्हणायची आणि पुढची चिंच उचलायची.

असं रविवारभर झालं, सोमवारभर झालं, मंगळवारभर झालं. आधी जी ओळ बघून कालिंदीच्या कपाळाला आठी पडायची, तीच ओळ आता दर अर्ध्या तासाने दिसली की तिचा जीव भांड्यात पडू लागला. ओळ येत होती म्हणजे पलीकडे दार होतं. पाचाची ओळ येऊ नये एवढंच ती मनात म्हणत होती. शून्यासाठी जिने माणसं झाडली, ती बाई आता एका बंद दाराला जपत होती.

बुधवार उजाडला. दुपारी जनू सही करणार होता. आठ वाजता आत्ता नाही. साडेआठला आत्ता नाही. दहाला तेच. साडेदहाला काकीच्या टोपलीतल्या चिंचा संपल्या, आणि तिच्या हातांना काही काम उरलं नाही. ते हात टोपलीतली रिकामी टरफलंच चाळत राहिलेले कालिंदीने पाहिले. ती उठली, काकीशेजारी येऊन बसली.

अकराला पडद्यावर ओळ उमटली. ती दोनाच्या आकड्याने सुरू होत होती.

"काय म्हणता?" काकीने विचारलं.

कालिंदीने ओळ पुन्हा एकदा वाचली. "घेतलं म्हणतंय, काकी," ती म्हणाली. "पत्र आत घेतलं."

उत्तर यायला आणखी दोन तास लागले. ते दोन तास त्या दोघी कशा बसल्या ते मी सांगत नाही. मग पत्र आलं. जनूचं. यादीतल्या माणसाचं होतं म्हणून सर्व्हरने ते अडवलं नाही.

"आये, पायऱ्यो परत एकदा मोज. मी सही करूक नाय. घराक येतंय."

त्या रविवारी वाचनालयाच्या ओट्यावर ते वाचलं गेलं. लोक हसायच्या आधी कालिंदी उभी राहिली. तिने फळा भिंतीवरून काढून आणला होता. "हे शून्य खोटं होतं," ती म्हणाली. "मी परत येणारी पत्रं कमी केली नव्हती. माणसं कमी केली होती." तिने यादीतून गळलेली नावं पुन्हा तपासली होती. एकोणीस होती. त्यातल्या बारांची ओळ पाचाची होती, ते पत्ते खरोखरच मेले होते. सातांची चाराची होती. ती सात नावं तिने सगळ्यांसमोर वाचून दाखवली, आणि ज्यांच्या घरची ती होती त्यांची तिथल्या तिथे क्षमा मागितली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने सरकून तिला ओट्यावर बसायला जागा दिली, तेवढं पुरे झालं.

फळा परत भिंतीवर गेला. पण त्यावर आता शून्य नसे. ज्यांच्या दारात सर्व्हर अजून उभा आहे, त्यांची नावं असत.

वैशाखात जनू आला. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकलं आणि आईला बघून तो तिथेच थांबला, पुढे येईना. शेवंतीकाकीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, खुरटे केस तळव्याला टोचले.

"माझ्या तेराव्याक गोड काय केलंस?" तिने विचारलं.

"जहाजार काय गावतला, आये," जनू म्हणाला. "बिस्किटां वाटलंय."

"नुसती बिस्किटां?" काकी म्हणाली, आणि हसता हसता तिने त्याला असं धरलं की बराच वेळ सोडलं नाही.

संध्याकाळी जनू विहिरीत उतरला. तेरा पायऱ्या उघड्या होत्या. त्याने एकेक मोजली. अकरावी खरंच हलत होती. त्याने ती उपटली, खाली खडी भरली आणि पुन्हा नीट बसवली. वर काठावर आई उभी होती. ती त्याला, पाय जपून ठेव, म्हणत होती.

तात्पर्य: ‘आत्ता नाही’ म्हणणाऱ्याला ‘कधीच नाही’ समजून आपल्या यादीतून खोडू नये. बंद दार म्हणजे रिकामं घर नव्हे. तिथे पुन्हा जाऊन उभं राहण्यात कमीपणा नाही.